इकोमध्ये 'मास' निघालाय. चरबी आहे की गाठ, हे ओळखतात कसं?

तिसरी घंटा (सोमवार, २२:४०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आई ७१ वर्षांची. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधी फिटनेससाठी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. हृदयाची तक्रार कधीच नव्हती. दम लागत नाही, धडधड नाही. पंपिंग ६० टक्के, झडपा ठीक, सगळं छान चाललं होतं. आणि रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत: इंटरएट्रियल सेप्टममध्ये, म्हणजे वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात, २.४ सेंमी जाडीचा इकोजेनिक (इकोत उजळ दिसणारा) मास. लिपोमॅटस हायपरट्रॉफी की ट्यूमर, पुढील तपासणी करावी.

डॉक्टर म्हणाले, "बहुतेक चरबीच असेल, पण एमआरआय करून घ्या," आणि पुढचा पेशंट आत बोलावला. त्या 'बहुतेक'वर मी तीन दिवस काढलेत. गुडघ्याची तारीख पुढे ढकलली. आईला एवढंच सांगितलंय की अजून एक फोटो काढायचाय.

हृदयात चरबी असते हेच मला माहीत नव्हतं. असते तर ती गाठीपासून वेगळी कशी ओळखतात? तुकडा काढून तपासावा लागतो का? आईला बंद जागेची धास्ती आहे, मग एमआरआयऐवजी सीटी चालेल का? इथे कुणी उपचार सांगावेत अशी अपेक्षा नाही. मला फक्त समजून घ्यायचंय, म्हणजे पुढच्या भेटीत नुसती मान हलवत बसणार नाही.

---

धागादोरा (सोमवार, २२:५८)

वाचतेय. आईंना शुभेच्छा. रात्रपाळी यांना हाक मारा, ते याच कामात आहेत.

---

रात्रपाळी (मंगळवार, ००:३५)

हाक ऐकू आली. हृदयाचे सीटी आणि एमआरआय वाचणं हे माझं रोजचं काम. तुमच्या आईंचे फोटो मी पाहिलेले नाहीत, तेव्हा निदान करत नाही. बाकी जेवढं सांगता येईल तेवढं सांगतो.

आधी तो शब्द. आमच्या लिखाणात 'मास' म्हणजे 'इथे काहीतरी जागा अडवून बसलंय', एवढंच. ते कशाचं बनलंय हे त्या शब्दात येत नाही. रक्ताची गुठळी, चरबी, खरी गाठ, कधी तर जन्मापासून असलेली साधी स्नायूची कड, या सगळ्यांना कुठे ना कुठे मास म्हटलेलं मी वाचलंय. आम्ही लिहितो एक आणि घरचे वाचतात कॅन्सर. यात चूक घरच्यांची नाही.

आता चरबी. हृदयाभोवती ती असते आणि चांगली भरपूर असते. हृदयाच्या एकूण वजनाचा साधारण पाचवा हिस्सा चरबीचा भरतो. स्नायूला चिकटून, हृदयावरणाच्या आत असते ती एपिकार्डियल. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी रक्तवाहिन्या तिच्यातूनच वाट काढत जातात. आवरणाच्या बाहेर आणखी एक थर असतो, तो वेगळा.

मग ती पडद्यात कशी शिरली? आपण पडदा म्हणतो खरं, पण त्याचा बराचसा भाग म्हणजे दोन कप्प्यांच्या भिंती आत दुमडून झालेली घडी आहे. कापडाला चुणी घातली की बाहेरची बाजू चुणीच्या आत जाते, तसं समजा. त्या चुणीत बाहेरचीच चरबी भरलेली असते. वयाबरोबर आणि वजनाबरोबर ती वाढते. जाडी २ सेंमीच्या वर गेली की तिला लिपोमॅटस हायपरट्रॉफी म्हणायची पद्धत आहे. हे वर्णन पहिल्यांदा १९६४ साली शवविच्छेदनावरून झालं. नाव जरा फसवं आहे, कारण हायपरट्रॉफी म्हणजे पेशी आकाराने फुगणं, आणि इथे वाढते ती चरबीच्या पेशींची संख्या. भोवती वेष्टन नसतं. कॅन्सरसारखं पसरत जाणं हा तिचा स्वभाव नाही.

ओळखायची सगळ्यात सुंदर खूण मात्र वेगळीच आहे. या पडद्यात एक जागा अशी आहे जिथे चुणी नाहीच, तिला फॉसा ओव्हॅलिस म्हणतात. पोटात असताना बाळाच्या हृदयात तिथे झडपेसारखी वाट असते, जन्मानंतर ती मिटते आणि मागे पातळ पापुद्रा उरतो. पापुद्र्यात चरबीला शिरायला जागाच नाही. ती त्याच्या वर साठते, खाली साठते, मधला पापुद्रा होता तसाच राहतो. म्हणून चित्र व्यायामाच्या डंबेलसारखं दिसतं.

आता गंमत बघा. मोठ्या माणसांच्या हृदयात उगवणारी सगळ्यात नेहमीची सौम्य गाठ म्हणजे मिक्झोमा. ती बहुतेक वेळा डाव्या वरच्या कप्प्यात असते आणि देठाने धरून बसते ती नेमकी याच फॉसाच्या आसपास. म्हणजे जी जागा चरबी सोडते, तीच मिक्झोमा पकडतो. मी स्कॅन उघडला की आधी तिथेच बघतो.

---

तिसरी घंटा (मंगळवार, ०७:१२)

रात्रपाळी, किती आभार मानू. दोनदा वाचलं. रिपोर्टमध्ये डंबेल हा शब्द नाही, फॉसाचाही उल्लेख नाही. हे वाईट लक्षण समजायचं का?

---

दुसरी बाजू (मंगळवार, ०९:०५)

मी इको टेक्निशियन, १४ वर्षं प्रोब हातात आहे. उल्लेख नाही याचा अर्थ बहुधा 'नीट दिसलं नाही' इतकाच. छातीवरून इको करताना हा पडदा लांब पडतो, मध्ये फुप्फुस, बरगड्या. वय आणि वजन असलं की चित्र आणखी धुरकट. पापुद्रा इतका पातळ असतो की समोरून बघताना कधी कधी तिथे भोक असल्यासारखं वाटतं. अन्ननलिकेतून प्रोब घालून केलेल्या इकोत तो स्वच्छ दिसतो, कारण अन्ननलिका डाव्या वरच्या कप्प्याच्या अगदी पाठीला टेकलेली असते. पण एमआरआय होणारच असेल तर त्या वाटेला जायची गरज पडेलच असं नाही.

तुमच्या निमित्ताने सांगते, इकोमध्ये सोंगं घेणारे बरेच आहेत. उजव्या कप्प्यात क्रिस्टा टर्मिनॅलिस नावाची स्नायूची कड असते, जरा जाड असली की गाठीसारखी उभी राहते. यूस्टेशियन व्हॉल्व्हचा उरलेला तुकडा तिथेच झुलत असतो. डाव्या बाजूला, कप्प्याची खिसेवजा पिशवी आणि फुप्फुसाकडून येणारी शीर यांच्या मधल्या कंगोऱ्याला तर 'कुमाडिन रिज' असंच नाव पडलंय. कुमाडिन म्हणजे वॉरफॅरिन, रक्त पातळ करायची गोळी. त्या कंगोऱ्याला गुठळी समजून लोकांना ती गोळी सुरू केली जायची, म्हणून हे नाव! चुकीच्या निदानावरून शरीराच्या भागाचं बारसं झालेलं मला हे एकच माहितीये.

चरबीची आणखी एक खोडी. हृदयासमोर काळी पट्टी दिसली की नवशिका लगेच 'पाणी झालंय' लिहितो. पेशंट उताणा असताना पाणी आधी मागे साचतं. पट्टी फक्त पुढेच असेल, आत बारीक दाणे दिसत असतील आणि ती हृदयाबरोबर हलत असेल, तर ती चरबी.

---

शून्य अंश (मंगळवार, १३:२०)

मी डॉक्टर नाही, भौतिकशास्त्र शिकवतो. 'फोटोत चरबी कशी ओळखतात' याचं उत्तर माझ्या प्रांतातलं आहे, म्हणून घुसतो.

सीटीमध्ये प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो, हाउन्सफील्ड युनिट. पाणी ०, हवा उणे १०००. स्नायू साधारण अधिक ४० ते ६०. चरबी उणे ५० ते उणे १५०च्या आसपास. शरीरात हवा सोडली तर शून्याच्या इतकं खाली जाणारं चरबीखेरीज फारसं काही नाही. त्यामुळे रेडिऑलॉजिस्ट त्या जागेवर माउसने एक गोल काढतो, सरासरी येते उणे ९५, विषय बराचसा मिटतो. अंदाजाचं काम नाही, सरळ मोजमाप आहे.

(अवांतर: गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे इंजिनियर, ईएमआय कंपनीत होते, गाण्याच्या तबकड्या काढणारी तीच. पहिला पेशंट १९७१ साली स्कॅन झाला, १९७९ साली त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासोबत वैद्यकाचं नोबेल मिळालं. दोघांपैकी एकाकडेही वैद्यकाची पदवी नव्हती. माझ्यासारख्यांनी या धाग्यावर बोलायला हरकत नाही, एवढाच मुद्दा.)

एमआरआयची तऱ्हा निराळी. तिथे हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून संदेश येतो. पाण्यातला हायड्रोजन आणि चरबीतला हायड्रोजन चुंबकीय क्षेत्रात किंचित वेगळ्या लयीत फिरतात. फरक दहा लाखांत साडेतीन भाग, म्हणजे १.५ टेस्लाच्या यंत्रात सेकंदाला सुमारे २२० फेऱ्यांचा. किरकोळ वाटतो ना? पण तेवढ्यावर दोन युक्त्या जमतात. एक, चरबीची लय नेमकी हेरून तिचा आवाज बंद करायचा. आधीच्या चित्रात पांढरं असलेलं या चित्रात काळं पडलं तर ती चरबी. दुसरी, दोघं एकमेकांच्या बरोब्बर उलटे असतात तो क्षण पकडायचा, साधारण सव्वादोन मिलिसेकंदांनी येतो. ज्या ठिपक्यात पाणी आणि चरबी दोन्ही आहेत तिथे बेरीज जवळपास शून्य होते, आणि चरबीच्या कडेने शाईने रेघ ओढल्यासारखी काळी किनार उमटते.

---

रात्रपाळी (मंगळवार, २३:५०)

शून्य अंश, आमच्या विद्यार्थ्यांना शिकवायला या.

भर घालतो, कारण नुसतं 'पांढरं म्हणजे चरबी' धरून चालल्याने फसलेले लोक आहेत. टी-१ प्रकारच्या चित्रात चरबी पांढरी दिसते हे खरं, पण काही दिवसांचं जुनं रक्त, घट्ट प्रथिनयुक्त द्रव आणि मेलॅनोमा या कॅन्सरचं हृदयात आलेलं बीज, हेसुद्धा पांढरं दिसू शकतं. म्हणून जोडी लागते: तेच चित्र, त्याच जागी, चरबी दाबून आणि न दाबता. काळं पडलं ते चरबी, पांढरं राहिलं ते दुसरं काही. त्यातही चरबी दाबायची स्टिर नावाची जुनी पद्धत थोडी आंधळी आहे. यंत्राच्या धक्क्यातून चरबीइतक्याच वेगाने सावरणारं दुसरं काही असेल तर त्यालाही ती दाबून टाकते.

सीटीचाही सापळा आहे. स्लाइस जाड असेल तर एका ठिपक्यात अर्धी चरबी, अर्धा स्नायू येतो आणि सरासरी मधलीच कुठली तरी भरते. उणे २० आली की ना इकडे ना तिकडे. शिवाय हृदय हलत असतं, त्यामुळे कडा पुसट. म्हणून ईसीजीशी जुळवलेला, पातळ स्लाइसचा सीटी हवा.

आणि शेवटी गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयचं चित्र उजळवणारं औषध. शिरेतून दिल्यावर मिक्झोमा ते इथे-तिथे शोषतो, ठिगळं लावल्यासारखा उजळतो. साधी चरबी थंडपणे काळी राहते. मूत्रपिंड फार कमजोर असेल तर कोणतं औषध द्यायचं याचा विचार करावा लागतो, तेव्हा क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट बरोबर न्या.

सीटी की एमआरआय? 'ही चरबी आहे का' एवढाच प्रश्न असेल तर सीटी पुष्कळदा पुरतो आणि काही सेकंदांत संपतो, थोडं रेडिएशन लागतं हा त्याचा तोटा. 'चरबीखेरीज आत आणखी काही आहे का' याला एमआरआय उजवा. धास्ती वाटते हे डॉक्टरांना आधीच सांगा. डोळ्यांवर पट्टी, हातात बोलावण्याची घंटी, गरज पडली तर सौम्य झोपेचं औषध, सगळं होतं.

तुकड्याबद्दल: डंबेल आकार, आकडा चरबीचा, दाबल्यावर काळं आणि गॅडोलिनियमला नकार, एवढं जमलं तर तुकडा काढायला कुणी जात नाही.

---

कोपरा (बुधवार, ०८:१५)

हाच विषय आम्ही उलट्या टोकाने भोगलाय.

बाबांना आतड्याचा कॅन्सर होता, ऑपरेशन झालेलं. पुढच्या तपासणीत पेट स्कॅनवर हृदयाच्या पडद्यात लाल ठिपका चमकला. कॅन्सरचे डॉक्टर गंभीर झाले, हृदयात पसरल्याची शंका बोलून दाखवली. आम्ही दोन आठवडे एकमेकांच्या नजरा चुकवत घरात वावरलो. मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्याच पेटबरोबर काढलेला सीटी उघडून आकडा बघितला: उणे ८०च्या घरात. नंतर एमआरआयमध्येही चरबीच निघाली. बाबांची पडद्यातली चरबी 'तपकिरी' प्रकारची होती म्हणे.

मला अजून कळलेलं नाही की चरबी पेटमध्ये चमकतेच कशी. ती तर आळशी ना?

---

रात्रपाळी (बुधवार, ०९:४०)

पांढरी चरबी आळशी, तपकिरी नव्हे. तपकिरी चरबीचं काम उष्णता तयार करणं, त्यासाठी ती साखर ओढते. पेटमध्ये आपण किरणोत्सारी खूण लावलेली साखरच देतो, एफडीजी. कॅन्सरही साखर ओढतो म्हणून चमकतो, तपकिरी चरबीही. पडद्यातल्या या साठ्यात तपकिरी चरबीच्या पेशी बऱ्याचदा मिसळलेल्या असतात. म्हणूनच पेटआधी पेशंटला उबेत ठेवतात, थंडी वाजली की ही चरबी जागी होते.

तुमच्या डॉक्टरांची शंका मात्र अगदीच वावगी म्हणणार नाही. हृदयात उगवलेल्या गाठीपेक्षा दुसरीकडून हृदयात आलेला कॅन्सर कितीतरी पटींनी जास्त आढळतो. कॅन्सरचा पेशंट, पडद्यात चमक, शंका येणारच. प्रश्न फक्त आधी शेजारच्या सीटीतला आकडा बघायचा की आधी घरच्यांना बसवून बोलायचं, एवढाच होता.

---

सहज आलो (बुधवार, १०:०२)

प्रकाटाआ

*(चरबी वितळवणाऱ्या औषधाची जाहिरात असल्याने प्रतिसाद काढला आहे. धाग्यात विक्री नको. – संपादक)*

---

जुनी वही (बुधवार, २१:३०)

लिहू की नको असं दिवसभर चाललं होतं. तिसरी घंटा, घाबरवायचं नाही, पण 'चरबीच असणार' असा सूर लागलाय म्हणून लिहितेय. पुढे कुणी हा धागा शोधत आलं तर तेही वाचेल.

मी ४४ वर्षांची असताना मला महिनाभर बारीक ताप यायचा, वजन उतरत होतं, ईएसआर (अंगात दाह असल्याचं सुचवणारी रक्ततपासणी) वाढलेला. वाकले की किंवा एका विशिष्ट कुशीवर वळले की दम लागायचा. सगळ्यांनी ताणतणाव, हवामान, थायरॉइड अशी कारणं लावली. शेवटी इको झाला. डाव्या कप्प्यात ५ सेंमीचा गोळा, देठावर, प्रत्येक ठोक्याला मायट्रल झडपेत डोकावून परत येणारा. मी स्वतः पडद्यावर पाहिला. घड्याळाच्या लंबकासारखा. मिक्झोमा. चार दिवसांत ऑपरेशन झालं, कारण त्याचा कपचा तुटून मेंदूत गेला तर पक्षाघात. सहा वर्षं झाली, दर वर्षी इको होतो, ठणठणीत आहे.

माझ्याबाबतीत एमआरआयची वाट कुणी पाहिली नाही. हलतंय, देठ आहे, झडपेत शिरतंय, इकोनेच सगळं बोलून टाकलं.

---

दुसरी बाजू (बुधवार, २२:१०)

जुनी वही, बरं झालं लिहिलंत. चरबी पडद्याबरोबर हलते, पडद्यापासून सुटी हलत नाही. इको बघताना आम्ही हे सगळ्यात आधी बघतो, आणि दुर्दैवाने रिपोर्टमध्ये ते लिहायचंच राहून जातं.

तिसरी घंटा, तुमच्या रिपोर्टमध्ये 'मोबाइल' (हलणारा) किंवा 'पेडंक्युलेटेड' (देठावरचा) असे शब्द आहेत का?

---

तिसरी घंटा (बुधवार, २२:२५)

नाहीत. आत्ता पुन्हा पाहिलं. जुनी वही, तुम्ही बऱ्या आहात हे वाचून इतकं बरं वाटलं. घाबरले नाही. खरं सांगायचं तर इथलं वाचायला लागल्यापासून भीतीचं रूपांतर प्रश्नांच्या यादीत झालंय, आणि यादी खिशात ठेवता येते.

एमआरआय शुक्रवारी. अजून एक विचारते: चरबीतच कॅन्सर असेल तर? लायपोसार्कोमा हा शब्द मी रात्री दोन वाजता शोधून काढला. माझीच चूक.

---

रात्रपाळी (गुरुवार, ००:४५)

रात्री दोनला शोधू नये हे बरोबर. हृदयातला लायपोसार्कोमा अत्यंत दुर्मीळ आहे. माझ्या आख्ख्या नोकरीत एकही पाहिलेला नाही, पुस्तकातच पाहिलाय.

तरी फरक सांगतो. साधा लायपोमा म्हणजे पातळ वेष्टनातली एकजिनसी चरबी. गोलसर, गुळगुळीत, सगळीकडून सारखी. तो हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, आतल्या अस्तराखाली किंवा स्नायूत कुठेही असू शकतो. त्रास देत नसेल तर बहुधा नुसतं लक्ष ठेवतात. सार्कोमात चरबी कमी आणि बाकीचं मांस जास्त: जाड, ओबडधोबड पडदे, मध्ये मध्ये भरीव गोळे, औषध दिल्यावर उजळणारे, शेजारच्या भिंतीत घुसणारी कड. डंबेलच्या चरबीतही बारीक काड्या दिसतात, पण त्या अडकून राहिलेल्या स्नायूच्या तंतूंच्या असतात. त्या बघून एखाद्याने 'एकजिनसी नाही' लिहिलं तर लगेच हबकू नका. तंतू आणि गोळा यात फरक असतो.

---

पाऊलवाट (गुरुवार, ११:३०)

चरबीचा विषय निघालाच आहे तर माझीही हजेरी. गेल्या वर्षी छातीत डाव्या बाजूला अचानक सुई खुपसल्यासारखी कळ आली, श्वास घेतला की वाढायची. हार्ट अटॅक समजून धावाधाव. ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाच्या इजेची रक्ततपासणी) साफ. सीटीत निघालं की हृदयावरणाला लागून असलेल्या चरबीचा एक घास मेलाय. फॅट नेक्रोसिस. लिंबाएवढा लांबट गोळा, भोवती पांढरी कडी, आसपासची चरबी विस्कटलेली. वेदनाशामक गोळ्या आणि आराम. दोन महिन्यांनी परत सीटी, गोळा जवळपास गायब.

पहिल्या रिपोर्टमध्ये त्यालाही 'मास'च म्हटलं होतं हे सांगायला नकोच.

---

रात्रपाळी (गुरुवार, १४:०५)

पाऊलवाट, हे १९५७ सालापासून माहीत आहे आणि तरी चुकतं. पूर्वी गाठ समजून छाती उघडायचे आणि मेलेली चरबी हाती यायची. आता अचानक कळ, तपासण्या साफ आणि सीटीत ही कडी, एवढ्यावर ओळखता येतं.

---

धागादोरा (गुरुवार, १६:४०)

एक बाळबोध प्रश्न. वजन कमी केलं तर ही चरबी जाते का? आणि शीर्षकात नसलं तरी सगळे 'निरुपद्रवी' म्हणताहेत, ते कितपत खरं?

---

रात्रपाळी (गुरुवार, २३:२०)

बाळबोध अजिबात नाही.

'निरुपद्रवी' म्हणजे गाठ म्हणून निरुपद्रवी. एपिकार्डियल चरबी फार वाढली तर तिचा संबंध कोरोनरी आजाराशी आणि एट्रियल फिब्रिलेशनशी (वरच्या कप्प्यांच्या अनियमित ठोक्यांशी) दिसतो. ती नुसती पडून नसते, दाह वाढवणारी रसायनं सोडते, आणि कोरोनरीला इतकी खेटून असते की मध्ये अडवायला काही नाही. पडद्यातल्या डंबेलबरोबरही काहींना वरच्या कप्प्यांच्या ठोक्यांची अनियमितता आढळते. क्वचित ती एवढी वाढते की वरून येणारी महाशीर दाबली जाते, तेव्हा सर्जनला बोलवावं लागतं. क्वचित म्हणजे खरोखर क्वचित.

वजन उतरलं की बाहेरची चरबी काही प्रमाणात कमी होते. पडद्यातली किती उतरेल याचं वचन मी कुणाला देणार नाही. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या छातीत आणि हृदयाभोवती चरबी वाढते, तो इतिहास असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

---

तिसरी घंटा (शनिवार, १९:१५)

अपडेट.

काल एमआरआय झाला, साधारण पाऊण तास. "श्वास घ्या, सोडा, थांबा" असं इतक्या वेळा की बाहेर बसून मीही श्वास धरत होते. आईने डोळ्यांवर पट्टी घेतली आणि घंटी एकदाही वाजवली नाही.

आज रिपोर्ट. इंटरएट्रियल सेप्टममध्ये २.६ सेंमी जाडीची, डंबेल आकाराची, वेष्टन नसलेली चरबी. फॉसा ओव्हॅलिस मोकळा. फॅट सप्रेशनमध्ये संदेश पूर्ण दबतो. गॅडोलिनियमनंतर उजळत नाही. महाशिरेवर दाब नाही. निष्कर्ष: लिपोमॅटस हायपरट्रॉफी.

डॉक्टरांना मी विचारलं, दोन्ही चित्रं शेजारी शेजारी दाखवाल का? त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं, पण दाखवली. डावीकडे पांढरं डंबेल. उजवीकडे तेच डंबेल काळं, आणि मधला पापुद्रा दोन्हीकडे केसाएवढा. शून्य अंश, तुमची शाईची रेघही होती.

इकोत २.४ आणि इथे २.६, म्हणजे आठवड्याभरात वाढली की काय?

---

रात्रपाळी (शनिवार, २१:००)

वाढली नाही. इकोचा छेद एका कोनातून, एमआरआयचा दुसऱ्या, आणि ठोक्याच्या कुठल्या क्षणी मोजलं तेही वेगळं. दोन मिलिमीटरला आम्ही मोजतही नाही.

दोन कामाच्या गोष्टी. हा रिपोर्ट आणि सीडी जपून ठेवा, पुढे कुणी इको केला की 'मास' पुन्हा सापडणार आहे. तेव्हा हा कागद समोर ठेवला की गाडी तिथेच थांबते. आणि कधी काळी उजवीकडून डावीकडे पडदा भेदून जायची प्रक्रिया करायची वेळ आली, उदाहरणार्थ ठोक्यांच्या अनियमिततेसाठी, तर त्या डॉक्टरांना आधी सांगा. सुई त्या पातळ पापुद्र्यातूनच न्यावी लागते, जाड भागातून ती नीट जात नाही. त्रास नसेल तर दर वर्षी एमआरआय करत बसायची गरज मला तरी दिसत नाही, पण शेवटचा शब्द तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांचा.

---

जुनी वही (शनिवार, २१:१८)

वा! आता गुडघा.

---

तिसरी घंटा (शनिवार, २२:०५)

हो, भूल देणाऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट पाठवला. त्यांची हरकत नाही, नवी तारीख पुढच्या महिन्याची १२.

आईला आज सगळं सांगितलं, डंबेलचा फोटो दाखवला. ती चष्मा लावून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "एवढी जागा होती तर ही चरबी गुडघ्यात का नाही गेली? तिथे जरा गादी झाली असती."

शून्य अंश, याचं उत्तर तुमच्या प्रांतात येतं का?

---

शून्य अंश (शनिवार, २२:३०)

नाही. मी राखीव खेळाडू होतो, आता रात्रपाळींनी बघावं.